विरोधक पाहिजे

माझा शेजारी रंगनाथ याला 'तुमचे बरोबर आहे' असे कोणी म्हटले की त्याचा चेहरा पडत असे. पाटोद्यात त्याच्याशी वाद घालण्यास कोणी तयार नसल्यामुळे तो स्वतःशीच वाद घाली. घोंगडीच्या एका टोकास बसून एक बाजू मांडी. मग उठून दुसऱ्या टोकास जाई, "आता दुसरी बाजू" म्हणे आणि आपल्याच बोलण्याच्या चिंधड्या उडवी. गाव त्याला वेडा म्हणे. गावाचा हा निकाल मी वकील या नात्याने साफ नामंजूर करतो.

रंगनाथ शेतकऱ्याच्या घरचा. बापापुढे मान वर करावयाची नाही, हा त्या घरचा कायदा. हैदराबादेस कॉलेजात गेला तेव्हा वर्षभर त्याने तोंड उघडले नाही. बोर्डिंगात वकिलांची आणि अंमलदारांची मुले जेवणानंतर कडाकडा भांडत आणि मग एकाच डब्यातले पान खात. घरी बापाशीही असेच वाद घालून वाढलेली ती मुले. विचार करणे हा त्यांचा खेळ होता. रंगनाथास ती मारामारीची नांदी वाटे. एके दिवशी त्यांनी त्याला बळेच उभे केले आणि जी गोष्ट त्याला मुळीच पटत नव्हती तिचीच बाजू मांडावयास लावली. तो सपशेल हरला. पण त्या दिवशी लागलेली चव पुढे सुटली नाही.

ती चव घेऊनच तो गावी परतला. बहिणीला पाहावयास घाटनांदूरचे पाहुणे आले. मुलाचे वडील आपल्या शेतीचे वर्णन करीत असता याने विचारले, "इतकी शेती असल्यावर पोरगा आळशीच निपजणार, असं काहून म्हणू न्हाई?" हेतू निव्वळ चर्चेचा. पाहुणे सुपारीही न घेता उठले.

"पाव्हण्याला उलट बोलायला शिकवलं का बे तुला तिथं?" बाप म्हणाला. त्या दिवसापासून त्याला घरची बैठक बंद झाली.

मग तो माझ्याकडे येऊ लागला. परंतु मी निकालासाठी भांडणारा माणूस. त्याला निकाल नकोच असे. मी जिंकलो की तो बाजू बदलू म्हणे, आणि माझे मस्तक फिरे.

"एक विरोधक पाहिजे, वकीलसाहेब," तो एकदा म्हणाला. "न्हाईतर डोकं गंजून जाईल."

तालुक्याच्या शाळेत प्रश्न विचारणाऱ्या पोरास छडी मिळते. ती बंद व्हावी म्हणून मी सरकारात अर्जांवर अर्ज केले आहेत. एकाचेही उत्तर नाही. अशा मुलखात विरोधक कोठून निपजावा?

मागल्या उन्हाळ्यात एका दुपारी असाच अर्ज लिहीत मी अंगणात बसलो होतो. बुटक्या भिंतीपलीकडे त्याची बायको सरू सुपात धान्य निवडीत होती. तो तिच्यासमोर उभा होता.

"मी म्हणतो, ज्वारीपरीस बाजरी चांगली. आता तू म्हण, न्हाई."

"तुमी म्हंता तर बाजरीच चांगली."

"बरं. ज्वारी चांगली."

"मग ज्वारीच की."

"अगं, एकदा तरी न्हाई म्हण."

तिचे हात थांबले. पदर डोळ्यांना लावून ती म्हणाली, "अवो, माझं काय चुकलं, ते तर सांगा."

तो तिच्याजवळ खाली बसला, सूप आपल्याकडे ओढले आणि खडे वेचू लागला.

"काई चुकलं न्हाई," तो हळूच म्हणाला. "बाजरीच चांगली."