डोमाजींचा दम

तुमसरच्या आमच्या गल्लीत एक पासष्टी उलटलेले गृहस्थ सकाळी खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत चोरासारखे पळतात आणि तिथून तिसऱ्यापर्यंत वरातीतल्या व्याह्यासारखे रमतगमत चालतात. मग पुन्हा चोर. पहिल्या दिवशी चहावाल्याने त्यांच्यामागच्या कुत्र्याला दगड भिरकावला. कुत्रं नव्हतंच.

हे आमचे शेजारी डोमाजी. राइस मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण आवाज अजून मिल चालू असल्यासारखाच. मोबाइलवर कुठल्याशा पिळदार दंडांच्या पोराचा व्हिडिओ पाहून त्यांना 'हाय इंटेन्सिटी इंटर्व्हल ट्रेनिंग' सापडलं. हे नाव त्यांनी टपरीवर ज्या थाटात उच्चारलं, त्या थाटात गोंदिया वेगळा जिल्हा झाल्याची बातमीही कोणी सांगितली नव्हती.

"गुरुजी, तुमी सकाळी तासभर फिरता ना? बेकार! जोरात पळा, दम घ्या, फिरून पळा. पळनं कोनालेबी जमते. दम वापस आननं, हे खरी कला!"

"आणि ही पिशवी? व्हिडिओत होती?"

"तो आपला पर्सनल फॉर्म्युला आहे."

पर्सनल फॉर्म्युल्याने आठवड्याच्या आत पोटरी धरली. त्यांच्या घरच्या काकू तेल चोळता चोळता मला म्हणाल्या, "घरी पानी भराले सांगतलं का यायचे गुडघे दुखते, अन् सडकेवर हरनावानी उड्या मारून राहिले!"

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून पाहिलं आणि म्हणाले, "व्यायाम उत्तम आहे. दम वाढतो, साखर आटोक्यात राहते, वेळही कमी लागतो. पण या वयात तपासणीशिवाय एकदम जोर लावणं म्हणजे हृदयाशी खेळ. आधी अंग गरम करा, मध्ये एखादा दिवस सोडा, छातीत दुखलं की तिथेच थांबा. आणि ती पिशवी घरी ठेवा."

डोमाजींनी सगळं ऐकलं. पिशवी मात्र फक्त निम्मी केली.

काही महिन्यांत साखर खरंच उतरली. आमचा जिना चढल्यावर पूर्वी ते आधी खुर्ची शोधत. आता पोचताक्षणी भाषण सुरू होई. व्यायामाचा हा धोका डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

मग एका रविवारी ते पिशवी घेऊन दारात आले. "गुरुजी, स्कूटर काढा. तुमसर रोड स्टेशनले जाऊ. पोरगी रायपूरहून नागपूरले जाऊन राहिली."

मुलगी रायपूरला नर्स. सुटी मिळत नाही; वर्षातून एकदा कामासाठी नागपूरला जाते, तेव्हा भेट फलाटावर. गाडी आमच्याकडे थांबल्यासारखं करते आणि निघते. गाडीची वाट पाहताना डोमाजी प्रथमच हळू आवाजात बोलले.

"मागच्या साली डबा पार तिकडल्या टोकाले लागला. पळत गेलो, नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी देल्ली, पन तोंडातून शब्द निघे ना. नुसता हाफत होतो. पोरगी भेऊन गेली. गाडी सुटली तरी दारात रडत उभी. वर्षातून एकदा भेटते, अन् मी तिले हाफून दाखवलो."

गाडी आली. डबा यंदाही पार तिकडे.

"द्या, पिशवी मी घेतो."

"सरा बाजूले!"

ते चोरासारखे पळाले. आणि अर्ध्या वाटेत चक्क चालू लागले, वरातीतल्या व्याह्यासारखे. मागून धावताना मीच ओरडलो, "डोमाजी, गाडी सुटेल!" त्यांनी मान वळवली नाही. श्वास बसला, तसे पुन्हा पळाले.

डब्याच्या दारात मुलीने पिशवी घेतली. "बाबुजी, काहून आनता? रायपूरले तांदूळ भेटत नाही का?" ती हसत होती, पण नजर त्यांच्या छातीवर होती. डोमाजींनी तळहात वर केला, थांब म्हणून. दोनचार श्वास घेतले. दम परत आला, अगदी शिकवल्याप्रमाणे. आता भाषण, म्हणून मी मन घट्ट केलं.

"जेवली का, बाई?"

"जेवली, बाबुजी. तुमी?"

"मीबी."

गाडी हलली.

परतताना डोमाजी स्कूटरवर माझ्या मागे बसून घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दम भरपूर होता.