सिरिलचा ढोलवाला

उभी हयात मी प्राथमिक शाळेतल्या पोरांना रेघेच्या आत रंग भरायला शिकवलं. घाई नको, श्वास रोखा, कुंचला टोकापुरताच बुडवा! त्यामुळे शेजारच्या एनिडबाई अंगठ्याएवढा शिशाचा सैनिक घेऊन दारात आल्या, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "एवढंच ना? चहा निवायच्या आत रंगवून देतो!"

चहा निवला. मग माझा उत्साहही निवला.

एनिडबाईंचे यजमान सिरिल वसंतात गेले. मागे राहिली ती त्यांनी हातानं रंगवलेली, वॉटर्लूच्या लढाईतली लाल डगल्यांची एक पलटण, स्वयंपाकघरातल्या टेबलावर रांगेनं उभी. तेव्हापासून बाई ओट्याशी उभ्यानं जेवत होत्या. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये सिरिलच्या, असले सैनिक रंगवणाऱ्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं. तिथे सिरिलच्या नावानं पलटण मांडायची होती. फक्त एक ढोलवाला रंगवायचा राहून गेला होता.

"जपून हं, मास्तर," बाई म्हणाल्या. "कपडे तर मी रडत रडत धर्मादाय दुकानात देऊन टाकले. आता त्यांच्या हातचं एवढंच उरलंय."

"बाई, निर्धास्त राहा!"

शाळेतून आणलेले पोस्टरचे रंग माझ्या कपाटात होतेच. मी बसलो. अहो, बटण केवढं? मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढं! श्वास रोखला तर डोळ्यांपुढे काजवे चमकत, सोडला तर त्याचा सुटा ढोल माझ्या उसाशानं गडगडत कपाटाखाली जाई. अखेर ढोलवाला तयार झाला. डगला लालभडक; एक डोळा फ्रेंचांकडे, दुसरा घरी जायच्या वाटेकडे.

क्लबातला नॉरिस फोनवर म्हणाला, "छान. आता सगळ्या पलटणीवर वॉर्निशचा फवारा मार. नाहीतर गाडीत रंग खरवडले जातील. आणि घरात नको रे, बाहेर मार. वासानं मरशील."

आज्ञाधारक विद्यार्थी मला नेहमीच आवडत आले. मी बाईंच्या टेबलावरून पलटण उचलून माझ्या परसातल्या लाकडी खोपटात नेली. नोव्हेंबरची भुरभुर अखंड चालू होती, खोपटाच्या भिंतींना घाम सुटला होता. मी फवारा मारला, दार ओढलं आणि बिस्किटं खाऊन आलो.

पाहतो तर काय! सगळी पलटण पांढरीफटक! डगले पांढरे, मिशा पांढऱ्या, झेंडा पांढरा! जणू सगळे लढाईत मेले होते आणि त्यांची भुतं कवायतीला उभी होती. मी बोटानं पुसून पाहिलं. छे! सिरिल दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी माझ्या हातून.

कुंपणापलीकडून आवाज आला. "झाला का हो ढोलवाला?"

"सुकतोय!" मी ओरडलो आणि खोपटाला कुलूप घातलं.

माझा फोन जाताच नॉरिस धावत आला. आत पाऊल टाकताच त्यानं टोपी काढली, प्रेतापुढे काढावी तशी.

"मास्तर, अशा दमट हवेत फवारलंस?"

"तूच म्हणालास, बाहेर मार!"

"बाहेर म्हणजे कोरड्या दिवशी!"

"आपल्या यॉर्कशरात कोरडा दिवस शेवटचा कधी झाला?"

नॉरिसनं विचार केला. "जुलैत. दुपारी थोडा वेळ." मग हळूच म्हणाला, "ऑलिव्हचं तेल आहे? कुंचल्यानं चोळून बघ. पांढरेपणा कधीकधी जातो. कधीकधी नाही."

मी तेल घेऊन बसलो. पहिला सार्जंट चोळला. आधी काहीच नाही. मग गालावर लाली चढली, मग मिशीचं टोक तांबूस झालं! मी एकेकाला उठवत गेलो, वर्गात डुलकी घेणाऱ्या पोरांना उठवावं तसं. प्रत्येकाचा चेहरा वेगळा होता हो! एकाला तर दाढदुखी असावी असा गाल सुजलेला. सिरिलनं हे कधी कुणाला दाखवलं नव्हतं. आणि आम्ही शेजारी? कधी बघायला मागितलंच नव्हतं.

पलटण वाचली. शेवटी माझा ढोलवाला घेतला. जरा चोळला आणि त्याचा डगला सालासारखा सोलून हातात आला! खाली अस्तराचा हात न दिलेल्या शिशावर शाळेचा रंग टिकतो होय?

तेवढ्यात खोपटाच्या दारात एनिडबाई. नॉरिसनं जाताना दार उघडंच टाकलं होतं.

मी उभा राहून सगळं सांगितलं, मुख्याध्यापकांपुढे सांगावं तसं. बाईंनी एकेक सैनिक उचलून पाहिला. मी श्वास रोखून होतो. या वेळी कुणी न शिकवता.

"ढोलवाला लाल रंगवला होतात?" त्यांनी विचारलं.

"सगळेच लाल, म्हणून..."

"ढोलवाल्याचा डगला उलटा असतो, मास्तर! बाकीच्यांच्या कॉलरचा रंग याच्या अंगावर. पिवळा! लग्न झाल्यापासून रोज नाश्त्याला ऐकत आलेय मी." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले.

"आता पिवळा रंगवून देतो, बाई."

"हातसुद्धा लावू नका! ते जेवढं करून गेले तेवढंच मांडू."

शनिवारी हॉलमध्ये पलटण मांडली, मधोमध उघडा शिशाचा ढोलवाला. सिरिलच्या मित्रांनी त्याच्यापुढे क्षणभर माना खाली घातल्या. एनिडबाई शेजारी ताठ उभ्या होत्या.

मग एक म्हाताऱ्या बाई चष्मा सावरत पुढे वाकल्या. त्यांनी दोनदा हुंगलं आणि मला विचारलं, "अहो, हे रंगवलेत की तळलेत?"