भास्करभाऊंचा नऊ नंबर

आमच्या जळगावच्या ऑफिसचा दरवाजा जुन्या काळातला, चांगला नऊ फूट उंच. त्यातून हत्तीचं पिल्लू ताठ मानेनं आत आलं असतं. पण भास्करभाऊ रोज सकाळी त्या दरवाजापाशी थांबायचे, मान खाली घालायचे आणि वाकून आत यायचे. नवीन आलेला शिपाई हसला, तर त्याच्याकडे गंभीरपणे बघून म्हणायचे, "दारवर भरवसा नही, भो."

सहा फूट चार इंच माणूस. लहानपणापासून खान्देशातल्या यच्चयावत चौकटींनी कपाळ फोडलेलं. त्यामुळे दार दिसलं की वाकायचं, उंची मोजत बसायचं नाही, हा नियम. लग्नात मांडवाच्या कमानीखालून जाताना असे वाकले की वऱ्हाडाला वाटलं, नवरदेव लाजतोय.

आमच्या ऑफिसची बास्केटबॉलची टीम होती. त्या टीमसाठी भास्करभाऊंना नोकरी मिळालेली. हुद्दा कारकुनाचा, काम खेळायचं. वर्षातले सहा महिने दौऱ्यावर, उरलेले सराव. टेबलावर फाईल आली तर ती साप आल्यासारखी दोन बोटांनी शेजारच्या टेबलावर सरकवायचे. शेजारचं टेबल माझं. मी सोनवणे. माझं अक्षर बरं म्हणून मला टीमचा गुणलेखक केलेलं, म्हणजे दौऱ्यावर सोबत जायचं आणि कोणी किती गुण केले ते वहीत मांडायचं. मला स्वतःला चेंडू धड झेलता येत नव्हता.

नोकरी कशी लागली, ते भास्करभाऊ रंगवून सांगायचे. शिरपूरच्या आठवडे बाजारात हे मिरच्या घ्यायला उभे. आमचे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो, ते बाजारातून चाललेले. गर्दीच्या वर एक मुंडकं तरंगताना दिसलं. सरांनी विचारलं, "बास्केटबॉल खेळतोस?" हे म्हणाले, "शिकाडी द्या, खेळसू." मिरच्या घरी पोचल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी गडी धुळ्याच्या मैदानावर, तिथे तेव्हा टीमचं शिबिर होतं.

तिथला किस्सा तर आमच्या टीममध्ये प्रत्येक नव्या खेळाडूला ऐकवला जाई. पहिल्या दिवशी भास्करभाऊ रिंगकडे बघत राहिले. चेंडू वरून जाळीत पडतोय आणि खालून निघून जातोय. ह्यांचा जीव हळहळला. शेतकऱ्याचा मुलगा, फाटकी गोणी दिसली की शिवायला बसणार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानावर गेले, बाजारातून आणलेली सुतळी आणि दाभण काढलं आणि दोन्ही जाळ्यांची बुडं शिवून टाकली. अगदी पक्की, मुंगी निसटायची नाही अशी. सरावाचा पहिला चेंडू जाळीत जाऊन बसला तो बसलाच. सर ओरडले, "हे कोणी केलं?" भास्करभाऊंनी शाबासकी मिळणार म्हणून हात वर केला. "जाळीले बूड नव्हतं, सर. फाटेल होती."

पण मग तो माणूस जो खेळला! रिंगवर आपटून परत येणारा चेंडू मिळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लोक उंचीचं कौतुक करायचे, तर हे चिडायचे. "उंचीनं काय होस? बठ्ठा खेळ पायना शे, भो." पाय कुठे रोवायचा, समोरच्याला पाठीवर कसं अडवायचं, हे चहाच्या कपबशा मांडून समजावून सांगायचे. नागपूर, इंदूर, बडोदा. जिथे जाऊ तिथे 'नऊ नंबर, नऊ नंबर' असा ओरडा व्हायचा. नऊ त्यांच्या शर्टावरचा आकडा.

आणि मग भोपाळला ओल्या सिमेंटवर पाय सरकला. गुडघा गेला. आवाज मला गुणलेखकाच्या टेबलाशी ऐकू आला. 

प्लास्टर निघालं, पण माणूस धावेना. टीममधून नाव काढलं तर खेळाडूची सवलत जाणार, कुठल्यातरी तालुक्याच्या कचेरीत फाईली उपसायला जावं लागणार. सरांना ते बघवेना. त्यांनी बारा जणांत भास्करभाऊंचं नाव तसंच ठेवलं. भास्करभाऊ दौऱ्यावर यायचे, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायचे, पाणी द्यायचे आणि बाकावर बसायचे. मैदानात उतरेल त्या खेळाडूच्या नावापुढे मी वहीत फुली मारतो. सहा वर्षं त्या नावापुढे माझं पेन टेकलं नाही.

हे घरी मात्र ठाऊक नव्हतं. मेहरूणला त्यांचं दोन खोल्यांचं घर. दौऱ्यावरून परतलो की मला ओढत तिकडे न्यायचे. वहिनी, बोदवडकडच्या, हसतमुख बाई, चहा टाकायच्या आणि भास्करभाऊ सामना सुरू करायचे. "शेवटलं मिनिट. दोन गुणनी आम्ही मांगे. बॉल मनाकडे..." सामना खराच असायचा, फक्त दुसऱ्या कुणाचे तरी गुण हे स्वतःच्या नावावर खेळून घ्यायचे. शेवटी माझ्याकडे बोट. "विचार सोनवणेले!" आणि मी, लेखी पुरावा बाळगणारा माणूस, नंदीबैलासारखी मान हलवायचो. वहिनी डोळे मोठे करून म्हणायच्या, "अगं बाई! मंग?"

नव्वद साल उलटल्यावर एकदा आमची स्पर्धा जळगावातच आली. त्या दिवशी भास्करभाऊ ऑफिसच्या दारातून वाकायचंही विसरून माझ्यापाशी आले. 

"ती येई राहिनी, सोनवणे. सामना देखाले."

"वहिनी?"

"सहा साल तिले थापा मारी राहिनू. तिले मी नुसता बशेल दिसनू, ते आते काय तोंड दाखाडू?" एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला. "सरले सांग. माले एकदाव उतारा."

मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, "वीस गुणांनी पुढे असलो तर बघू. गुडघ्याचं काही झालं तर मात्र तू जबाबदार." मी 'हो' म्हणून बसलो. त्याशिवाय काय म्हणणार होतो?

दुपारी चारचा सामना, जळगावचं ऊन. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत वहिनी. नवं लुगडं, मांडीवर पाण्याचा थर्मास. पूर्वार्ध संपला, भास्करभाऊ बाकावर. उत्तरार्ध निम्मा सरला, भास्करभाऊ बाकावर. मी वहिनींकडे बघायचंच टाळत होतो. चार मिनिटं उरली, आम्ही बावीस गुणांनी पुढे होतो. सरांनी मागे न बघता हाक मारली, "भास्कर."

मी फुली मारली. 

भास्करभाऊ रिंगखाली जाऊन उभे राहिले, आणि काय सांगू, पाय अजून तसेच पडत होते! उडी नव्हती, पण पाठीवर एकाला असा अडवला की चेंडू आपण होऊन त्यांच्या हातात आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेपेला पोरांनी मुद्दाम त्यांच्याकडे चेंडू दिला. समोर रिंग मोकळी. भास्करभाऊंनी फेकला आणि तो रिंगपर्यंतही पोचला नाही. मागून कोणीतरी खिदळलं. ते ऐकून की काय, सुटलेल्या चेंडूवर त्यांनी झेप घेतली. गुडघा वळला आणि ते जमिनीवर बसले. उठता येईना.

वहिनी उठल्या. रेषेपाशी त्यांनी चपला काढल्या आणि तापलेल्या सिमेंटवरून अनवाणी चालत गेल्या. एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं सर, असं दोघांनी त्यांना बाहेर आणलं. भास्करभाऊंनी मान वर केली नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहरूणला गेलो.  भास्करभाऊ आतल्या खोलीत खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. वहिनी मोरीपाशी कपडे धूत होत्या. हातात नऊ नंबरचा शर्ट.

"वहिनी," मी म्हटलं, "माझंही चुकलं. इतकी वर्षं मी मान हलवत आलो."

"मले माहीत व्हतं, भाऊ." त्यांनी शर्टावर साबण घासला. "ते खेळायचे तवा ह्यो शर्ट दोन पाण्यात भिजू घालावा लागे. घामाचं मीठ निघेच ना. भोपाळनंतर एका पाण्यात निघाला. सहा वर्सं एकाच पाण्यात."

 "मग तुम्ही कधी बोलल्या नाहीत?"

"गुडघा गेला तवापासून ते घरात बोलतच नाहीत, भाऊ. दौऱ्यावरून आले का तेवढे तासभर बोलतात. मी तेवढं बी बंद करू का?"

हे त्या हळू बोलत नव्हत्या. आत ऐकू जावं असंच बोलत होत्या. खाट करकरली. वहिनींचे डोळे भरून आले होते, पण हात थांबला नाही. शर्ट पिळला, बादलीतलं पाणी बदलून पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला.

मग मागच्या अंगणात दोरी असताना त्या पुढच्या दारी गेल्या आणि रस्त्याच्या बाजूच्या तारेवर शर्ट पसरला. नऊचा आकडा रस्त्याकडे.

आतून भास्करभाऊंचा आवाज आला. 

"मांगे टाक ना तो. लोके हासतीन."

"हासू द्या," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी शर्टाला दोन चिमटे लावले.