भिंतीचा ताप पाहणारे आप्पा

कोणाच्याही घरी गेल्यावर आप्पा हवालदार प्रथम भिंतीवर उपडा हात ठेवतात आणि डोळे मिटून म्हणतात, "हिला ताप हाय." पाणी, चहा, खुशाली हे सर्व त्यानंतर.

कचेरीबाहेर टेबल मांडून मी गेली वीस वर्षे जनतेचे अर्ज लिहीत आहे. नाना स्वभावांची माणसे माझ्या लेखणीखालून गेली. परंतु फौजेतून निवृत्त झालेले, पलूसकडचे हे गृहस्थ त्या सर्वांत निराळे. एकदा त्यांनी शाळेच्या छपरास चुना लावण्याविषयी अर्ज लिहवून घेतला आणि अर्जदार म्हणून शाळेच्या इमारतीचेच नाव घालण्याचा आग्रह धरला.

"इमारतीचा अंगठा कोठून आणावा?" मी विचारले.

"मग ताप काय मला हाय व्हय?"

त्यांचे स्वतःचे घर मात्र स्वप्नवत आहे. पत्र्यावर दुधासारखा चुना. पत्र्याखाली उसाच्या पाचटाचा जाड थर, ज्या पाचटाला सारा गाव शेतातच काडी लावतो. पश्चिमेच्या भिंतीवर दोडक्याचा वेल. अंगणातल्या लहानशा सोलरवर दोन पंखे संथ फिरतात. भर वैशाखात तेथे टेकले असता नदीकाठी बसल्यासारखी गुंगी येते. एसीचे नाव काढले की आप्पा म्हणतात, "बटण हितं दाबायचं, कोळसा लांब कुठंतरी जळतोय, गड्या."

गेल्या चैत्रात ते आले आणि खाली पाहत म्हणाले, "लाइटीचा लोड वाढवायचा अर्ज लिवा. एसी बसवायचाय."

माझी लेखणी थांबली. "आप्पा, आणि तो कोळसा?"

"जळू दे."

साताऱ्यास दिलेली त्यांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यावयाची होती. एसी नसलेल्या घरी उन्हाळ्यात पाठवणार नाही, असे जावयांनी कळवले होते.

"आपले घर गार आहे, असे सांगावयाचे."

"सांगितलं. हसलं ते. आई असती तर पोर भट्टीतबी आली असती, भाऊसाहेब. नुसत्या बापाकडं कोन धाडतंय?"

मी अर्ज लिहिला. कारणाच्या ओळीत 'कन्येचे बाळंतपण' असे नमूद केले. त्यांनी तो वाचून घेतला.

"खाली लिवा, बाळंतपण झालं की यंत्र काढून टाकीन."

असे वचन कोणत्याही अर्जास लागत नाही. तथापि मी ते सुवाच्य अक्षरांत लिहिले. सही करताना त्यांचा हात थबकला.

"ते खोडा," ते हळूच म्हणाले. "पोर ऱ्हाईल तवर ऱ्हाऊ दे, असं लिवा."