सुदामकाकांची लाईन

लिहायला बसलो, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी इंग्रजी घेतलं आणि पहिल्याच तासाला माझी अक्कल दिसली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "नेक्स्ट लाईन." मी दप्तर उचललं आणि शेजारच्या रांगेत जाऊन बसलो.

दोष सुदामकाकांचा. वडनेरला आमच्या घराला लागून त्यांची पिठाची चक्की आहे. त्यांचं सगळं या एका शब्दावर भागतं. वीज गेली की 'लाईन गेली'. बायका डबे घेऊन आल्या की 'लाईनीत ठेवा वो'. कुणाला नोकरी लागली तर 'पोट्टं लाईनीवर आलं'.

कॉलेजचं वारं लागल्यावर मी त्यांना सुधारायला गेलो. "काका, लाईन म्हणजे रेषा."

"रेषेनं चक्की फिरते का बे?"

बायका हसल्या. मी रागाने तसाच घरी आलो. आईने पीठ आणायला परत पाठवलं.

एक अर्थ मात्र काका टाळायचे. त्यांचा मंगेश गावातल्याच एका मुलीवर लाईन मारतो हे कळलं, तेव्हा ते गरजले होते, "लाईन सोड, नाईतर घर सोड." त्याने घर सोडलं. नागपूरला जाऊन तिच्याशीच लग्न केलं.

तेव्हापासून मी रविवारी गावी आलो की काका चालू चक्कीवरून हाक मारायचे. "तुया फोनले लाईन हाय का? मंगेशले लाव बरं."

पलीकडून "हॅलो, कोण?" आलं की काका फोन कानाला धरून नुसते उभे. मग पिठाळलेला फोन माझ्या हातात. "हाय. लाईन हाय."

"काका, बोला ना."

"आवाज आयकला. झालं."

भाषेचा विद्यार्थी मी, पण त्यांना बोलायला एक वाक्य काही सुचवता आलं नाही.

परवा मी कॉलेजजवळ, नालवाडीच्या खोलीवर होतो. काकांचाच फोन आला.

"लाईन आली बे!"

"कधी गेलती?" मी विचारलं. मी तो मीच.

काका म्हणाले, "मंगेश घरी आला. म्हणते, फोनवर कोनी बोले नाई, पन मांगं आपली चक्की आयकू ये."

मागून एका बाईचा नवा आवाज आला, "बाबा, चहा थंडा होऊन राह्यला."

"आलो, माय," काका म्हणाले, आणि लाईन कटली.