पुठ्ठ्याच्या रॉकेटचं उड्डाण

मुलांचं नाटक बसवावं तर मीच! रॉकेटांच्या उड्डाणतळाशेजारच्या टायटसव्हिलच्या शाळेत माझं एकही नाटक आजवर पडलेलं नव्हतं. १९७२च्या डिसेंबरात चंद्रावरची शेवटची स्वारी परतली आणि मी ठरवलं, चंद्राचा सगळा इतिहास रंगमंचावर आणायचा: नुसती प्रदक्षिणा घालून आलेले, पहिलं पाऊल टाकणारे, अर्ध्या वाटेतून जीव मुठीत धरून परतलेले आणि शेवटचा चांद्रवीर म्हणून दुसरीतली लोरेटा. तिच्या वडिलांची, वेंडेलची, उड्डाणतळावरची नोकरी, स्वाऱ्या संपल्यामुळे, नुकतीच गेली होती. प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचं बिऱ्हाड कॅन्ससला निघणार होतं. पोरीला आज नाही तर कधीच नाही.

प्रयोगाला समोर बसलेले सगळे बाप तळावरचेच. लोरेटा पुठ्ठ्याच्या रॉकेटात चढून बसली आणि मी म्हटलं, उलटी मोजणी तुम्हीच करा. इथेच मी अक्कल गहाण ठेवली.

डेल हचिन्स, माझाच जुना विद्यार्थी आणि तळावर मोजणी घेणारा, उभा राहिला. आकडे मोजायचे सोडून त्याने तळाच्या रिवाजाप्रमाणे एकेका विभागाला विचारायला सुरुवात केली. इंधन? वेंडेल ताठ उठून म्हणाला, "तयार." वीज? तयार. हवामान?

कोणीच बोलेना. हवामानवाला काम सुटल्यामुळे केव्हाच टेक्सासला निघून गेला होता.

"मोजणी थांबली," डेल म्हणाला.

"अरे, पुठ्ठ्याचं रॉकेट आहे ते!"

"बाई, एक जण गप्प असला तरी रॉकेट हलत नाही."

मी हवामानाच्या वतीने 'तयार' म्हणून पाहिलं. बाईंना तो अधिकार नाही, असं ठरलं. त्यावर वीजवाल्याने विचारलं, मग मला तरी कुठे आहे, माझा पास काढून घेतलाय. झालं, एकेक जण आपलं 'तयार' परत घेऊ लागला. वेंडेलही खाली बसला. "माझंही धरू नकोस, डेल. टाक्या आता माझ्या ताब्यात नाहीत."

"नोकरी गेली, तोरा काही गेला नाही," त्याची बायको बर्निस पुटपुटली. "पोरगी त्या खोक्यात उकडून निघाली."

डेलने उड्डाण उद्यावर ढकललं. तळावरच्या माणसांना याची सवयच होती. खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या आणि मंडळी घरी निघाली. वेंडेल गाडी आणायला गेला.

खोक्यातून लोरेटाचं डोकं बाहेर आलं. "बाई, उद्या आम्ही नसणार."

"मग आत्ताच चंद्रावर उतर," मी म्हणाले. "म्हण तुझं वाक्य."

ती शिडीवरून जपून उतरली, तिने समोरच्या रिकाम्या सभागृहाकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "इथे कोणीच राहत नाही."

वाक्य मीच लिहून दिलं होतं. चंद्राबद्दल.