टेकडीवरचा एकोणतीसचा पाढा

आगाशेकाकांबरोबर टेकडी चढायची असेल तर एकोणतीसचा पाढा पाठ असावा लागतो. नुसता पाठ असून भागत नाही, चढावर मोठ्याने म्हणता यावा लागतो. 'एकोणतीस सक' म्हणताना तुमचा श्वास तुटला, की काका वाहतूक पोलिसासारखा हात आडवा करतात. "थांबा. वेग जास्त झाला."

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो एका रिपोर्टमुळे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत मी दुसऱ्या मजल्यावर, काका तळमजल्यावर. चाळिशी यायच्या आतच माझी साखर सीमारेषेवर पोचली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सुरू करा. आणि त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातला एक धडधाकट माणूस जिममध्ये धावता धावता कोसळला. तो वाचला, पण मी घाबरलो. माझ्या वडिलांनी, आबांनी, मार्केट यार्डात पोती वाहून मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. मला काही होऊन चालणार नव्हतं. पार्किंगमध्ये काका भेटले तेव्हा मी विचारलंच, "व्यायाम केला तर धोका, नाही केला तरी धोका. माणसानं करायचं काय?"

काका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "खुर्चीत बसून हळूहळू मेलेल्याची चर्चा होत नाही, शिंदे. पळताना पडलेल्याची होते. म्हणून तुम्हाला खुर्ची सुरक्षित वाटते." मग म्हणाले, "धोका आहेच. पण तो प्रमाणात आहे. आधी हृदय तपासून या. मग सकाळी सहाला खाली या. आणि नवे बूट घेऊ नका, आधी टिकताय का ते बघू."

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला टेकडी दाखवलीच नाही. सोसायटीभोवती फेऱ्या. मग अर्धी टेकडी. त्यांचा नियम एकच: "बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता येत असेल तर तुम्ही हवा खायला आलात. बोलताही येत नसेल तर कशाला आलात ते मी सांगत नाही."

"मग आपण गप्पा मारू की, पाढे कशाला?" मी विचारलं.

"गप्पांत दम लागला की माणूस नुसतं 'हं' म्हणतो आणि निभावून नेतो. पाढ्यात 'हं' चालत नाही."

गावी हे फोनवर सांगितलं तर आबा म्हणाले, "रोज टेकडी चढतोस? वर काय हाय आपलं?"

टेकडीवर काकांना सगळे ओळखतात आणि शक्यतो टाळतात. कानात इअरफोनची बोंडं घालून धापा टाकत जाणाऱ्या एका तरुणाला त्यांनी अडवून विचारलं होतं, "मागे कोण लागलंय? सांगा, मी थोपवतो." पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाणाऱ्या आमच्या चेअरमनना ते म्हणाले होते, "चला, लिफ्टचा तरी व्यायाम झाला!"

एवढं असून दुसऱ्या वळणावरच्या सपाट दगडापाशी काका रोज थांबायचे. दम लागलेला नसला तरी. "नाडी बघतो," म्हणायचे. पण बोटं मनगटावर नसायची, दगडावर असायची. मीही कधी विचारलं नाही.

परवा माझं तोंड उतरलेलं होतं. काकांनी पाढा सुरू करायला सांगितला. मी म्हटलं, "आज नको, काका. घरी बायकोशी तीन दिवस अबोला आहे. बोलायची इच्छाच नाही."

ते तसेच दगडापर्यंत चालत गेले. तिथे पहिल्यांदाच ते बसले.

"आमचा अबोला पंख्यावरून होता," ते म्हणाले. "दोनवर ठेवायचा की तीनवर. पाच दिवस चालला. फिरायला मात्र रोज येत होतो, शिस्त मोडायची नाही ना! मी पुढे, ही मागे. एरवी हिची बडबड चालू असायची, त्यावरनं कळायचं हिला दम लागलाय का. पाचव्या दिवशीही मागे आवाज नव्हता. मला वाटलं, अबोलाच आहे. वरपर्यंत गेलो आणि मग वळून पाहिलं. ही इथे बसली होती, या दगडावर. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"डॉक्टर म्हणाले, आजार आतून आधीचाच होता. चालण्याला दोष देऊ नका, चालत होत्या म्हणून इतकी वर्षं निभावलं. पटतं मला. मी विज्ञान शिकवलंय." त्यांनी दगडावरची धूळ हातानं पुसली. "पंखा आता दोनवरच असतो. तिला दोनच हवा होता."

मग ते उठले आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "घरी गेल्यावर भांडा हवं तर. पण तोंड उघडून भांडा. चला."

ते पुढे, मी मागे. मी पाढा सुरू केला नव्हता. दहा-बारा पावलं तशीच गेली. काका एकदम थांबले. मागे वळले नाहीत.

"शिंदे?"

"एकोणतीस एके एकोणतीस," मी म्हणालो, "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

काका चालू लागले.